नानांच्या रंगांची पाळी

मुलुंडच्या आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात नाना परब कुठल्याच ऑर्डरला लगेच ‘हो’ म्हणत नसत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “बघूया. रंगाची पाळी येऊ दे.” कुठल्या मशीनवर कधी काय काढायचं ते नाना ठरवत आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहीत. शेजारच्या टेबलावर मी ऑर्डरी घ्यायचे. ऐंशीनंतरची ती वर्षं.

आधी पांढरा, मग पिवळा, लाल, निळा आणि शेवटी काळा, हा त्यांचा क्रम. एकदा साचा चढला की त्यातला सगळा माल काढूनच तो उतरवायचा. “काळ्यामागसून पांढरो घेतलंस तर अर्धो दीस मशीन धुण्यात जाता गो,” ते मला सांगत. समजावताना मालवणी, रागावले की मात्र पुस्तकी मराठी.

एकदा मी दादरच्या एका व्यापाऱ्याला आंघोळीचे पांढरे मग परवाच देते म्हणून सांगून बसले. मशीनवर काळ्या बादल्या चालू होत्या. नाना म्हणाले, “शुक्रवारी.” मला तो निव्वळ हट्ट वाटला. मी थेट मॅनेजरकडे जाऊन साचा बदलायचा हुकूम आणला. नानांनी फळा पुसला. “ठीक आहे. आपण म्हणाल तसं.”

घाईघाईत चढवताना साखळीला टांगलेला जड साचा फिरला आणि यशवंता फिटरची दोन बोटं चेंगरली.

संध्याकाळी नाना मला हॉस्पिटलात घेऊन गेले. यशवंताच्या बायकोला ते म्हणाले, “काम माझ्या फळ्यावरचं होतं वहिनी. चूक माझी.” मी खाली मान घालून उभी राहिले.

परतताना रिक्षात मी म्हटलं, “नाना, चूक माझी होती.”

“होती,” ते म्हणाले. मग समजावू लागले, “साचो बदलताना माणसाचे हात आत असतत गो. म्हणान मी तो कमी बदलतंय. वेळ वाचता ह्या फक्त मॅनेजराक सांगूसाठी.”

त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. दोन वर्षांनी निवृत्त होऊन ते गावी गेले आणि त्यांचं टेबल आणि फळा माझ्याकडे आले.

पहिल्याच महिन्यात मॅनेजर आले. काळा माल अर्धा झाला होता, त्यांना मध्येच पांढरा हवा होता. “आजच काढा,” ते म्हणाले.

“सोमवारी,” मी म्हटलं. त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि ते निघून गेले.

मशीनपाशी यशवंता साखळी धरून उभा होता. “साचा उतरवायचा का, ताई?”

“नको. आधी हा सगळा माल आटपू दे.”

त्याने साखळी हुकाला अडकवली आणि डबा घेऊन जेवायला गेला.