वकिलाचा डावा हात

आमच्या घरात भांडणाला विषय कधी कमी पडले नाहीत, पण सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत गोड भांडण एका खुनाचं होतं. खून पडद्यावरचा. आईबाबांचं नवीन लग्न झालेलं असताना आखाडा बाळापूरला तंबूतला सिनेमा आला होता. तिथं दोघांनी एक काळापांढरा हिंदी रहस्यपट पाहिला. बंगल्यात खून होतो आणि आपल्याला फक्त चाकू धरलेला हात दिसतो. खुनी उघडा पडणार तेवढ्यात वावटळ सुटली, तंबू आडवा झाला आणि सगळे धूळ झटकत घरी गेले.

खुनी वकीलच, यावर दोघांचं एकमत होतं. वाद होता तो हाताचा.

"वकील डावखुरा. चाकू डाव्या हातात व्हता," बाबा म्हणायचे.

"न्हाई," आई म्हणायची. "बाकी समदे डावखुरे व्हते. चहा डाव्या हातानं, सही डाव्या हातानं. एकटा वकील उजव्या हाताचा, म्हणून तर मी वळखला."

"समदं शहर डावखुरं असतं व्हय?"

"मोठ्या लोकाचं काय सांगावं!"

नव्वदच्या दशकातलं माझं सगळं बालपण या वादावर पोसलं गेलं. टीव्हीवर असा एखादा जुना सिनेमा लागला की आम्ही दारं लावून बसायचो. आमच्या गावात कुणाकडे कोणती भाजी झाली हे दुपारच्या आत सगळ्यांना कळतं. या सिनेमांत मात्र एक गुपित शेवटपर्यंत टिकतं, याचंच मला भारी अप्रूप वाटे. त्या हॅटा, तो सिगारेटचा धूर, जिन्यावर आधी येणारी सावली आणि मग येणारा माणूस! पण आईबाबांचा तो सिनेमा काही लागला नाही.

पुढे घरात सीडी प्लेअर आला आणि हिंगोलीच्या एका दुकानात मला तो सिनेमा मिळाला. मी नाचतच घरी आलो. भर दुपारी खिडकीला चादर बांधली आणि लाईट जाऊ नये म्हणून बाबांनी चक्क हात जोडले.

वकील आला. त्यानं डाव्या हातानं सिगारेट पेटवली. बाकीचे सगळे उजव्या हातानं चहा पीत होते.

"पाह्यलं?" बाबांनी मांडीवर थाप मारली.

एरवी कुणाचं ऐकून न घेणारी माझी आई एवढीशी झाली. मला ते बघवेना. उगाच आणली ही सीडी, असं वाटलं.

"मंग मी काय पाह्यलं व्हतं?" ती हळूच म्हणाली.

"झोपली असशील."

"झोपते कशाची! पडद्याच्या मागं डोळे फाडून बसलो व्हतो आमी समद्या बाया."

तेव्हा तशीच रीत होती. पडद्यासमोर पुरुष, पडद्यामागं बायका. कापडातून चित्र पलीकडेही दिसायचं. बाबांनी कपाळावर हात मारला.

"अगं, तुला समदं उलटं दिसलं की! डावा तो उजवा अन् उजवा तो डावा!"

सिनेमातल्या नावांच्या पाट्या इंग्रजीत, त्यामुळे अक्षरं उलटी आहेत हे त्या बायकांना कळायचं कारणच नव्हतं. आईचा चेहरा असा खुलला की मला हसूच आवरेना. शेवटी वकीलच पकडला गेला आणि आम्ही तिघांनी टाळ्या पिटल्या.

"पुन्हा लाव," आई लगेच म्हणाली. "आता खुनी ठाव हाय. खोटं बोलताना त्याचं तोंड कसं व्हतं ते पाहू दे."

मी पुन्हा लावला. वकील परत साळसूदपणे बंगल्यात शिरला. बाबा मोठ्या मनानं म्हणाले, "म्हंजे तू बी बराबर, मी बी बराबर."

आईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"तुमी सुलटा पाहून वळखला, मी उलटा पाहून वळखला," ती म्हणाली. "आपुन बराबरीचे कसे?"