कानबाईपेक्षा उंच खुर्ची

माझा उजवा खुबा बदलला, त्याला आता वर्ष होत आलं. सुरतेच्या डॉक्टरांनी झिजलेला सांधा काढून तिथे धातूचा बसवला आणि घरी पाठवताना बजावलं, की मांडी घालायची नाही, वाकायचं नाही, बसायचं ते उंच खुर्चीवरच. मी शहाण्यासारखी मान डोलावली. ज्या घरात जेवण, निवडणं-टिपणं, पूजा आणि भांडण सगळं जमिनीवर बसून होतं, त्या घरी मी चालले आहे, हे मला सुरतेत सुचलंच नाही.

घरात पुरेशी उंच अशी एकच खुर्ची निघाली. नंदुरबारहून माझ्यासाठी आणलेली, मधे भोक असलेली, शौचाला बसायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या बुटक्या, आणि सोफ्यात बसलं की दोन माणसांनी ओढून काढावं लागे. म्हणून दिवसा सून त्या उंच खुर्चीखालचं भांडं काढून घेई, ती धुवून पुसून भोकावर गोधडीची घडी टाकी आणि मला पुढच्या खोलीत बसवी. एकदा मी आत असताना नवऱ्याचे एक मित्र आले आणि थेट त्या खुर्चीवरच बसले. चहा घेत म्हणाले, बैठक छान आहे, कुठून घेतली? नवऱ्याने खरं सांगितलं नाही. मीही पडद्याआडून हसू दाबत बसले.

भेटायला येणाऱ्यांनी मात्र जीव नको केला. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं म्हणजे त्याच्या घरी जाऊन, याच आजाराने कोण कोण गेलं ते सांगणं. बिस्किटांचे पुडे इतके साठले की दुकान टाकता आलं असतं. खापर गावाहून एक चुलत नणंद आली, ती पाल्याचा लेप आणि बाटलीभर तेल घेऊनच. मी म्हटलं, आतला सांधा आता हाडाचा नाही, धातूचा आहे. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मंग ते तेल चोळच व माय, नही ते गंज चढी."

चालायचा व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. ती म्हणे, पलंगावर लोळू नका, जमेल तितकं उभ्या राहा. घरचे म्हणत, उठू नको. घरच्यांचं ऐकलं असतं तर मी आज बिस्किटं खात तिथेच पडलेली असते.

श्रावणात कानबाई आली. खान्देशात कानबाई देवीचे रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायला सगळी भाऊबंदकी एका घरी. त्या वर्षीचा मान आमचा होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून कानबाईसमोर बसून गाणी म्हटली नाहीत असं माझं एकही वर्ष गेलं नव्हतं. ऑपरेशनला निघाले तेव्हाही मनात एवढंच होतं, की कानबाईपर्यंत पुढच्या खोलीत येऊन बसता आलं पाहिजे.

पुढच्या खोलीत चौरंग मांडला. नारळाला नथ, डोळे, लुगडं चढलं. मी माझ्या खुर्चीवर. तेवढ्यात मोठी जाऊ आली. तिने आधी देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खुर्चीखाली.

"कानबाईपेक्षा उंच बसाले तू काय महाराणी शे का? आनि ती बी या भोकनी खुर्चीवर?"

एरवी माझी विचारपूस करून दमलेल्या बायकांपैकी एकीलाही तेव्हा माझा खुबा आठवला नाही.

"मझारनी खोलीमा बस," जाऊ म्हणाली. "गाना तठे बी आयकू येतस."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. माझ्याच घरात, माझ्या मानाच्या वर्षी, मला आत कोंडायला निघाली होती. सून खुर्ची उचलायला पुढे झाली. मी खुर्चीजवळचा वॉकर धरला आणि उभी राहिले.

"बसनारी कोन शे, बाई? मी उभी ऱ्हासू."

कानबाईपुढे उभं राहायला कोणाची मनाई असणार? आरतीला सगळेच उभे राहतात. जाऊ धपकन जमिनीवर बसली, ऐटीत मांडी घातली, मला दिसेल अशी, आणि सगळ्यांत चढ्या आवाजात गाऊ लागली. मी वॉकरला लोंबकळून गात होते. पाय थरथरत होता, घाम पाठीवरून ओघळत होता. जमेल तितकं उभ्या राहा, असं त्या मुलीनेच सांगितलं होतं. पण तिच्या मनात हे नक्कीच नसणार. प्रत्येक गाणं संपलं की जाऊ वळून बघे, मी पडले का ते.

आरतीची वेळ झाली. बाया उठल्या. जाऊ उठली नाही. आधी वाटलं, भक्तीत रमली आहे. मग तिने एक हात जमिनीला टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला, अर्धवट उचलली गेली आणि परत बसली. चेहरा पांढराफटक. कोणाला हाक मारायची तर सगळ्यांना कळणार. ताट ओवाळायला निघालं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं.

मला वाकायची मनाई होती. मी वॉकर पुढे सरकवला.

तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, दात खाऊन उठली आणि उठल्यावर सोडीना. अख्खी आरती आम्ही दोघींनी एकाच वॉकरला धरून म्हटली. कापूर विझत आला तशी ती माझ्या कानाशी वाकली.

"तुन्हा डॉक्टर सुरतले कोठे बसस व?"

मला इतका आनंद झाला की देवीसमोर त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पत्ता मात्र मी तिला दुसऱ्या दिवशी दिला, ती माझ्या खुर्चीवर बसून चहा प्यायली तेव्हा.