शेठच्या पोराची शिक्षा

"तुला काय शिकवायचं? तुमचं घरचंच काम ना!" मुकादम हसला आणि संडासाचा ब्रश माझ्या हातात कोंबला. शेजारी आडतवाल्या शेठचा पोरगा उभा. त्याला म्हणाला, "तुम्ही बसा भाऊ, पंख्याखाली."

गुन्हा दोघांचा एकच. मी त्याची गाडी चालवायचो. पिंप्राळ्यात दारू पिऊन भररस्त्यात धिंगाणा घातला, येणाऱ्या-जाणाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. दिल्या, नाही म्हणत नाही. कोर्टाने आत टाकलं नाही. आठ दिवस सरकारी दवाखान्यात साफसफाई करा, म्हणाले. समाजसेवा. सुटलो म्हणून खूश झालो, खोटं कशाला बोलू?

त्याच दवाखान्यात माझी आई ठेक्यावर झाडूवाली आहे. मला शिक्षा म्हणून जे दिलं, ते ती बावीस वर्षं पोटासाठी करतेय. पहिल्या दिवशी वाकलो तेव्हा कळलं. गुटख्याच्या पिचकाऱ्या. तुंबलेली घाण. ॲसिडच्या वासाने भडाभडा ओकलो. हेच करून ती घरी यायची, भाकरी थापायची. आणि मी दारूच्या तारेत म्हणायचो, "आधी हात नीट धू." थू माझ्या जिंदगानीवर.

तिसऱ्या दिवशी बघतो तर शेठच्या पोराच्या वाटचे संडास आई घासतेय. मुकादमानेच लावलं होतं तिला. पोरगा बाकावर मोबाईल बघत बसलेला. हजेरीवर मात्र त्याची सही रोजची, ठसठशीत.

"आई, ऊठ."

तिने मान वर केली नाही. "गप र्‍हाय भो. मनी नोकरी जाई." माझी नोकरी जाईल, म्हणे.

डोकंच फिरलं. तिच्या हातातला ब्रश घेतला, पोरासमोर धरला. "घास."

त्याने नाक मुरडलं. "आपण असलं काम करत नाही."

पंधरा दिवसांपूर्वी हाच माझ्या गळ्यात हात टाकून पीत होता.

मुकादम धावत आला. "लई शहाणा झाला का? काम पुरं केल्याचा दाखला देणार नाही तुला. मग बस जेलात."

"नका देऊ."

अशा शिक्षेने माणूस सुधारतो का, असं विचारतात लोक. मी सुधारलो. त्या दिवसापासून दारूला शिवलो नाही. तो काय शिकला? आपली शिक्षासुद्धा दुसऱ्याच्या आईकडून करून घेता येते, एवढंच.

सोमवारी तारीख आहे. खोट्या सह्यांसकट सगळं जज्जसाहेबांना सांगणार. आई रडतेय, माझ्या पाया पडतेय. तिचं काम जाईल, मीही आत जाईन, माहीत आहे मला. तरी बोलणार. माझे आठ दिवस मी भरलेत. त्याचे आठ दिवस त्यानेच भरायचे. त्याच संडासात, वाकून.