उंच बाईची रेघ

रुग्णालयाच्या तळमजल्यावरची लांबट खोली. एका भिंतीला आरसा, समोरच्या भिंतीवर कागदाची पट्टी, तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा. दार लोटलं जातं आणि उजवा हात पोटाशी धरून शिंपीणबाई प्रवेश करतात.

उजवा स्तन काढून पाच आठवडे झाले होते. हात खांद्याच्या वर जाईपर्यंत दुकान उघडायचं नाही, असं फिजिओताईंनी बजावलं होतं. तीस वर्षं कात्री चालवलेला हात आता बोटाबोटानं भिंत चढत होता; पोचेल तिथं पट्टीवर पेन्सिलीची रेघ.

दुखणं बाईंनी सोसलं असतं. सोसवत नव्हती ती शेजारी व्यायाम करणारी उंच बाई. ऑपरेशन एकाच आठवड्यातलं, बाजूही तीच, पण तिची रेघ वीतभर वर. शिवाय ती हसून म्हणायची, "होईल हो तुमचंही."

त्या 'ही'नं बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी त्यांनी तिची रेघ टेपनं मोजली, घरी कपाटावर खडूनं आखली आणि तीन दिवस दातओठ खाऊन हात ताणला. चौथ्या दिवशी दंड टम्म सुजला.

"कुणाची रेघ गाठत होतात?" फिजिओताईंनी विचारलं.

बाईंची नजर उंच बाईच्या रेघेकडे गेली.

"अहो, रेघा जमिनीपासून मोजलेल्या. या बाई तुमच्याहून डोकंभर उंच. शिवताना एकीचं माप दुसरीला लावता का?"

उंच बाई फिसकन हसली. बाईंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

आठवडाभर हात उशीवर राहिला. सूज उतरून बाई परत आल्या, तर त्या बयेची रेघ आणखी दोन बोटं वर. बाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. तेवढ्यात तीच जवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "पुढून उघडणारा ब्लाउज हवाय. पण ही बाजू परक्याला दाखवायची म्हणजे... तुम्ही घ्याल माप?"

बाईंनी पिशवीतून टेप काढला. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत. उजवा हात खांद्याच्या वर गेला, काखेत ताण बसला, पण पोचला. उंच बाईचा उजवा खांदा दोन बोटं खाली झुकलेला होता. बाईंना क्षणभर गोड वाटलं. मग तो खांदा त्यांनीच तळव्यानं अलगद वर केला.

"सोमवारपासून दुकान," फिजिओताई मागून म्हणाल्या. "रोज दोनच तास."

बाईंनी माप वहीत लिहिलं, मान वर करून उंच बाईकडे पाहिलं.

"कापड थोडं जास्तच आणा. एवढं उंच व्हायचं काही अडलं होतं का?"