सत्तरु म्हणजे सत्तर नव्हे

दौंडला गाडी सुटली तेव्हा, आई, तू रडली नाहीस. खिडकीतून डबा दिलास आणि म्हणालीस, "तिकडं मोठेपणा करू नको." बाबा चर्चच्या मंडळीचे पाळक. त्यांनी फलाटावरच प्रार्थना केली, सगळ्यांनी सलाम केला. पोरगा सुवार्ता सांगायला निघाला याचा तुम्हाला अभिमान होता. माझा तर विचारूच नका. बंगलोर आपल्याच देशात, पण तुला तो परदेश वाटायचा. उतरल्यावर कळलं, मलाही तो परदेशच होता.

येलहंक्यात जुन्या वस्तीत खोली मिळाली. सहा महिन्यांत कन्नड बोलेन, ही माझी घमेंड. कसलं काय! 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, यापुढं गाडी सरकेना. इथले थोरले पाळक म्हणायचे, अजून थांब, घरोघर जाऊ नकोस. मी थांबतोय कसला!

स्टेशनामागं गौरक्का राहायच्या. त्यांचा नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला गँगमन, एवढं मला माहीत होतं. एक दिवस त्यांच्या घरी जाऊन मी यजमानांची चौकशी केली. त्या हळूच म्हणाल्या, "सत्तरु." मी ऐकलं सत्तर. वाटलं, वय सांगतायत. छान हसलो आणि पाठ केलेल्या कन्नडात मोठ्यानं प्रार्थना केली, देवानं त्यांना शंभर वर्षं आयुष्य द्यावं.  गौरक्कांनी डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली आणि तशाच बसून पुन्हा म्हणाल्या, "सत्तरु."

वारले होते गं. महिनाही झाला नव्हता.

खोलीवर येऊन मी बॅग भरली. समोरच्या बाईचं दुःख ज्याला कळत नाही, त्यानं कसली सुवार्ता सांगायची? फार लाज वाटली, आई. पण माफी न मागता पळालो असतो तर बाबांना कुठल्या तोंडानं भेटणार होतो? दुसऱ्या दिवशी गेलो. "क्षमिसी, अक्का," एवढंच म्हणालो आणि त्यांच्यासमोर बसलो. बायबल पिशवीतच राहिलं. त्या तासभर बोलत होत्या, रडत होत्या. मला निम्मंही कळत नव्हतं, तरी उठलो नाही. शेवटी त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं. नाचणीचा मोठा गोळा आणि सार. इथं त्याला मुद्दे म्हणतात आणि तो चावायचा नसतो, गिळायचा असतो. मी आपला चावत बसलो. गौरक्का डोळे पुसता पुसता हसल्या.

भरलेली बॅग मी पुन्हा रिकामी केली. रोज त्यांच्याकडं जाऊ लागलो. कन्नड मला त्यांनीच शिकवलं, कान धरून. त्या कधी चर्चमध्ये आल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. मिशनला जाणाऱ्या अहवालात त्यांच्याबद्दल काय लिहावं, हे मला आजही सुचत नाही.

चार वर्षं झाली. सुट्टीला येतो तेव्हा तू माझ्या आवडीचं सगळं करतेस, बाबा मंडळीपुढं बोलायला उभं करतात. मी पाहुण्यासारखा वागतो, ते तुला दिसतं. मागच्या खेपेला बंगलोरला परत निघताना मी म्हणालो, "आई, आता घरी जायला हवं." तुझा चेहरा उतरला.  मला वाटलं, चुकलं म्हणावं, शब्द फिरवावा. पण आई, या वेळी शब्द चुकला नव्हता.