भिंगारच्या काकांची पसंती

इरा आणि निषाद,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की तिकडे बर्फात गाडी सुरूच होईना, मग कुठल्याशा दुकानातून एक माणूस आला, पंधरा मिनिटांत बॅटरी बदलून निघूनही गेला. "आजी, आम्ही ती बॅटरी धड पाहिलीसुद्धा नाही," असं इरा म्हणाली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत बसले. मग वाटलं, हे आता लिहून ठेवायला हवं. भिंगारच्या काकांना ओळखणारी माणसं हळूहळू कमी होत चालली आहेत, आणि बॅटरी न पाहता घेणारी माणसं आमच्याच घरात निघावीत, हे त्यांना कोणीतरी कळवायला हवं असंही मनात आलं. ते शक्य नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

साऱ्या नगर जिल्ह्यात बॅटरी या वस्तूवर त्यांच्याइतका जीव कोणी लावला नसेल, हे मी ठामपणे सांगू शकते. नात्याने ते तुमच्या आजोबांचे चुलत काका. भिंगारला लष्कराच्या गाड्यांच्या भांडारात त्यांची कारकुनाची नोकरी होती; गणवेश नव्हता, पण रुबाब सुभेदाराचा. निवृत्त झाले तेव्हा काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. मग त्यांनी सगळ्या जिल्ह्याच्या बॅटऱ्या दत्तक घेतल्या. भर मे महिन्यात अंगात कोट, आणि कोटाच्या आतल्या खिशात लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला हायड्रोमीटर. ही एक काचेची नळी असते, वर रबरी फुगा. बॅटरीतलं अ‍ॅसिड थोडं वर ओढायचं आणि आत तरंगणाऱ्या काडीवरून बॅटरीची ताकद वाचायची. काका ती नळी सूर्याकडे धरत, एक डोळा मिटत, आणि मग बराच वेळ काहीच बोलत नसत. तुमचे आजोबा डॉक्टर, ते म्हणायचे, "मीसुद्धा रोग्याला इतका घाबरवत नाही." अ‍ॅसिडची भोकं नसलेलं काकांचं एकही धोतर नव्हतं. एका लग्नात नवऱ्या मुलीच्या आजीने त्यांना हळूच बाजूला घेऊन विचारलं होतं, "घरात उंदीर फार झालेत का हो?"

नवी बॅटरी घेणं म्हणजे त्यांच्या मते सून आणणं होतं. आधी जुनीचा सगळा इतिहास विचारून घेत. कधी आणली, गाडी कोण चालवतं, रस्ता कसा, थंडीत कुरकुर करायची का? "बॅटरी मेली" असं कोणी म्हटलं की त्यांना राग येई. "थकली म्हणा. तीन वर्षं राबलीय." मग दुकानात पाहण्याचे कार्यक्रम, तेही तीन. पहिल्या वेळी नुसतं बघायचं. वरच्या शिशाच्या पट्टीवर ठोकलेली अक्षरं वाचायची, पेटीवर बोटाने टकटक करायची, डोळे मिटून वीतभर उचलायची आणि खाली ठेवायची. "कशी वाटली?" असं दुकानदाराने विचारलं की ठरलेलं उत्तर, "घरी जाऊन कळवतो." दुसऱ्या वेळी घरातलं वडीलधारं माणूस बरोबर. तिसऱ्या वेळी पुन्हा पहिलेच प्रश्न, दुकानदाराची उत्तरं बदलतात का ते बघायला. काका लांबून दिसले की नगरचे दुकानदार चहा सांगत आणि मुनीमजींना पुढे करून स्वतः मागच्या खोलीत जात.

श्रीगोंद्याच्या एका ऊसवाल्याने आपल्या ट्रकसाठी त्यांना हौसेने बोलावलं. काकांनी अकरा बॅटऱ्या नापसंत केल्या. तोवर रोज सकाळी आठ माणसं तो भरलेला ट्रक ढकलत होती. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "काका, उसाचा हंगाम सरंल, पर तुमची पसंती काय व्हायची न्हाई."

"हंगाम पुढच्या वर्षी परत येतो," काका म्हणाले. "चुकीची बॅटरी घरात आली की ती जात नाही."

बारावी पसंत पडली. ती बसवताना ट्रकच्या ड्रायव्हरने बिडी शिलगावली, तर काकांनी ती त्याच्या तोंडातून उडवली. ताज्या चार्ज केलेल्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तिच्यापासून दहा हात विस्तव येता कामा नये, हा त्यांचा नियम ते गुरुमंत्रासारखा सगळ्यांना देत. मलाही दिला होता, लग्न होऊन आले त्याच आठवड्यात.

आता आमची गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. आजोबांचा दवाखाना सोनईला, मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. आमची करड्या रंगाची जुनी गाडी होती. मार्चमध्ये तिची बॅटरी गेली, म्हणजे थकली. आणि मला नववा महिना लागला होता. बाळाचं डोकं वर होतं, म्हणून बाळंतपण नगरच्या दवाखान्यातच व्हायला हवं, असं आजोबांनी बजावलं होतं. नगर बावीस मैल. एसटी दिवसातून थोड्याच, आणि कळा एसटीची वेळ पाहून येत नाहीत. गाडी हँडल मारून सुरू करायला जावं, तर हँडलने उलटा झटका देऊन कंपाउंडर गेनूभाऊंचं मनगट मुरगाळून ठेवलं होतं.

आजोबा म्हणाले, "मी उद्या जाऊन बॅटरी घेऊन येतो."

सासूबाई म्हणाल्या, "भावजींना न विचारता? जन्मभर तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीत ते."

काकांना पत्र गेलं. ते आले, मोजा घेऊन. माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, काळजी नको. तुझ्या तारखेच्या आत बॅटरी दारात." मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारत होते, आणि काका रोज नगरला जाऊन संध्याकाळी परत येत होते. पहिली बॅटरी वजनाला हलकी होती. दुसरीच्या पेटीचा आवाज त्यांना "पोकळ घरातला" वाटला. तिसरी सगळ्या दृष्टीने चांगली होती, पण दुकानदाराने दोन वेळा दोन उत्तरं दिली होती.

"भावजी," सासूबाई एकदा ताट वाढता वाढता म्हणाल्या, "हिचं बाळ चालायला लागलं की त्यालाच पाठवू या हो बॅटरी आणायला."

"वहिनी, घाईत आणलेली टिकत नाही."

"मला घाईतच आणलं होतं. टिकलेय की."

माझ्या तारखेला सहा दिवस उरले होते तेव्हा काका एसटीतून मांडीवर बॅटरी घेऊन उतरले. बावीस मैल तिला तसूभर तिरकी होऊ दिली नव्हती. धोतराला चार नवी भोकं. चेहरा असा, जणू वरातच घेऊन आले आहेत. गाडीसमोर पाट मांडला, पाटावर बॅटरी. काकांनी सहाही बुचं काढून हायड्रोमीटर लावला, नळी सूर्याकडे धरली, आणि मी प्रथमच त्यांना हसताना पाहिलं. "पोरगी लाखात एक आहे, वहिनी. ओवाळा."

सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं. तबक घेतलं, निरांजन लावलं आणि उघड्या बुचांवरून ओवाळलं.

फाट् असा आवाज झाला. तबक अंगणाच्या टोकाला गेलं, सुपारी कौलावर. धुरळा खाली बसला तेव्हा बॅटरीच्या पेटीला वरपासून तळापर्यंत चीर गेली होती आणि लाखात एक पोरगी पाटावरून वाहत होती. कोणाला लागलं नाही. सासूबाईंच्या लुगड्याला मात्र काकांच्या धोतरासारखी भोकं पडली. गेनूभाऊ धरून आम्ही पाचही माणसं शिकलेली किंवा अनुभवी. कोणाच्या हातात बिडी दिसली असती तर पाचही जण धावलो असतो. निरांजन हा विस्तव आहे, हे एकाच्याही मनात आलं नाही.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "ओवाळलं मीच ना, मग तुम्ही कशाला?" पण ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मला कळा सुरू झाल्या.

मी जे पाहिलं ते खिडकीतून, गजांना धरून. काका उठले, अनवाणीच रस्त्यावर गेले आणि समोरून येणाऱ्या पहिल्या ट्रॅक्टरसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. वर एक तरुण शेतकरी, शेजारच्या वाडीचा. मागे कांद्याच्या गोण्या.

"बॅटरी काढ," काका म्हणाले.

"आँ? काका, ह्यो डबा? सुंभानं बांधलाय त्यो. तुमी बघितला तर थुकशिला."

"बघायला वेळ कोणाला आहे? काढ."

"आन् माजा कांदा?"

"सूनबाई अडलीय रे!"

तो उडी मारून खाली उतरला आणि पान्यासाठी दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच ओरडला, "गेनूभाऊ, धाकला पाना द्या, बिगीनं!" बॅटरी गाडीत बसली, पण तिच्या उंचीने बॉनेट बसेना, मग ते सुंभाने बांधलं. काकांनी तिचं नाव वाचलं नाही, पेटीवर टकटक केली नाही, मोजा खिशातून काढलासुद्धा नाही. आजोबांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली, आणि तो शेतकरी (कालची बातमी त्याच्या वाडीवर पोचलेली होती) सासूबाईंना म्हणाला, "आता ववाळू नगा हां, आजीबाई."

बावीस मैल काका पुढच्या सीटवर बॉनेटवर नजर ठेवून बसले होते. कळांच्या मधल्या वेळात मला त्यांचं एकच वाक्य ऐकू येत होतं, "डॉक्टर, काही झालं तरी इंजिन बंद करू नको."

दीड वाजता तुमचे बाबा जन्मले. दोघेही सुखरूप असल्याचं सांगायला आजोबा बाहेर आले, तर दवाखान्याच्या आवारात गाडी अजून चालू, काका आत बसलेले आणि पहारेकरी खिडकीशी वाद घालतोय, "ओ काका, बंद करा की! पेशंट वरडायल्यात."

"बंद केली आणि पुन्हा लागली नाही तर?" काका विचारत होते. "आत काय झालंय, अजून कळायचंय."

कळल्यावर त्यांनी किल्ली फिरवली आणि आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे, रुमालात तोंड खुपसून पाच मिनिटं बसून राहिले.

त्या शेतकऱ्याला काकांनी नवी बॅटरी निवडून दिली. तीन कार्यक्रम केलेच, पण पंधरा दिवसांत उरकले, हे त्यांच्या हिशेबाने पळून जाऊन लग्न केल्यासारखं. ट्रॅक्टरची ती बॅटरी आमच्याकडेच राहिली आणि चार वर्षं चालली. तिच्याबद्दल काका कधी चांगला शब्द बोलले नाहीत, पण तिच्यात पाणी घालायला दर महिन्याला भिंगारहून यायचे. पाणी घालायला पाच मिनिटं लागत; काका दोन दिवस राहत. मला फार उशिरा कळलं की ज्या घरी ते चांगली बॅटरी बसवून देत, त्या घरातून त्यांना पुढची तीन वर्षं बोलावणं येत नसे.

त्यांच्या शेवटच्या वर्षी तुमच्या बाबांनी त्यांना एक नव्या तऱ्हेची बॅटरी दाखवली, पाणी घालावं न लागणारी. काकांनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली, वरून हात फिरवला, बुचं शोधली. मग म्हणाले, "चांगली आहे. हिला कोणी लागत नाही."

काका गेले. ती गाडी भंगारात गेली, भिंगारचं त्यांचं घर दुसऱ्या कोणाचं झालं, सोनईचा दवाखाना बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. ट्रॅक्टरवाला मात्र आहे. पंच्याऐंशी ओलांडली त्याने, कानाने कमी ऐकतो. दर संक्रांतीला काठी टेकत तिळगूळ द्यायला येतो, आणि दारातूनच मोठ्याने विचारतो, "आमचं पोरगं कसं हाय?"

तुमची,
आजी