दोन जावांची पार्टी

हल्ली हळदीला डीजे येतो. ट्रकभर स्पीकर, धूर सोडणारं मशीन आणि मागे उभा राहून बटणं दाबणारा एक गडी. माझ्या भाच्या मला विचारतात, आत्या, तुमच्या वेळी हे असं होतं का? मी सांगते, आमच्या वेळी हे नव्हतं, कारण आमच्या वेळी आम्ही होतो. याला कुणी बढाई म्हणेल तर म्हणो. जालना जिल्ह्यात विजेच्या वाद्यांवर बायकांना पहिल्यांदा नाचवलं ते मी आणि माझ्या धाकट्या जावेनं. जावा-जावांचं कधी पटत नाही म्हणणाऱ्यांनी आमची हळद ऐकलेली नसणार.

ही जोडी एकदा मोडली होती. आम्ही नाही, आमच्या नवऱ्यांनी मोडली होती. मला सांगायचंय ते त्याबद्दलच.

सासरचं दुकान जुन्या जालन्यात. मंडप, गाद्या, भोंगे भाड्यानं द्यायचं. नव्वद सालानंतर दोघा भावांच्या डोक्यात आलं की आपली बँजो पार्टी काढायची. त्यांनी एक कीबोर्ड आणला आणि एक ऑक्टोपॅड. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकटी. काडी मारली की एकीतून ढोल निघतो, दुसरीतून हलगी, तिसरीतून टाळ्या. वाजवायला दोन गडी ठेवले, ते पहिल्याच हंगामात दुसऱ्या पार्टीत गेले. वाद्यं माळ्यावर जाऊन बसली.

माझे वडील मंठ्याजवळच्या आमच्या गावात भजनाला पेटी वाजवायचे. त्यांच्या शेजारी बसून बसून माझी बोटं बसली होती. धाकटीला कुणीच काही शिकवलं नव्हतं, पण ती भाकरी थापायची तरी ऐकत राहावंसं वाटायचं. दुपारी भाऊ मंडप ठोकायला गेले की आम्ही वाद्यं खाली काढायचो, टेपवर कॅसेट लावायचो आणि गाणी बसवायचो. मी थोरली, त्यामुळे ओरडायचं काम माझ्याकडे. ती चुकली की मी ओरडायचे आणि मी चुकले की ती नुसती हसायची. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

आमच्या गल्लीत एका घरी हळद होती. बायकांना नाचायचं तर असतं, पण वाजवणारे पडले पुरुष. गड्यांपुढं कोण नाचणार? बायका गाद्यांवर बसून पदर सावरत टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायच्या. त्या घरच्या बाईनं आमचं दुपारचं वाजवणं भिंतीतून ऐकलं होतं. ती म्हणाली, "तुमीच या की दोघी. कनात लावते. एक बी गडी आत येनार न्हाई."

कनातीच्या आत त्या दुपारी मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. तोंड वर करून कधी न बोललेल्या बायका घामाघूम होईपर्यंत नाचल्या. दोघीतिघी तर रडल्यासुद्धा. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही.

दोघा भावांना कळलं तेव्हा आधी आदळआपट झाली. पण आठवड्यात तीन घरांतून बोलावणं आलं, तेव्हा तेच आम्हाला टेम्पोतून न्यायला लागले. आमची पार्टी, आमच्या बायका, असं चारचौघांत सांगायला लागले. आम्हीही सांगू दिलं.

आमचं काम नुसतं मोठ्यानं वाजवण्याचं नव्हतं. हळदीत सगळं असतं वरमाईवर, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आईवर. ती बसून राहिली तर कुणाची उठायची छाती होत नाही, आणि ती उठली की मांडव आपला. म्हणून मी गेल्या गेल्या चहा घेता घेता कुणालातरी विचारून घ्यायचे, वरमाईचं माहेर कुठलं? माहेर कळलं की तिकडची भुलाबाईची, पाळण्याची, जात्यावरची गाणी आठवायची. त्यातली एक चाल मी हळूच सुरू करायचे, अगदी दूरवरून येतेय अशी. धाकटी काड्या हातात धरून गप्प बसायची. तिचं लक्ष बायकांच्या पायांकडे. वरमाईचा अंगठा हलला की ती पहिली टाळी टाकायची, मग हलगी, मग ढोल, आणि बाई उठेपर्यंत ठेका वाढवत न्यायची. बाई अडखळली तर ठेका थांबून तिची वाट बघायचा. नवीन जालन्यात एका व्यापाऱ्याच्या घरी कमरेला किल्ल्या लावलेली वरमाई म्हणाली होती, "मी न्हाई नाचत बरं, आधीच सांगून ठिवते." ती अर्धा तास नाचली आणि नंतर किल्ल्या सापडेनात म्हणून सगळं घर शोधत बसलं.

सहा वर्षं आम्ही अशी काढली. मंठा, परतूर, अंबड, भोकरदन. हळदी, डोहाळजेवणं, बारशी. लोक तारीख आमची विचारायचे आणि मग मुहूर्त काढायचे.

मग भाऊ भांडले. कशावरून, ते त्यांनाही आज धड सांगता येणार नाही. मंडपाच्या बांबूंवरून सुरू झालं आणि सासऱ्यांच्या आजारपणात कोण किती दिवस दवाखान्यात बसलं इथपर्यंत गेलं. बोलणं बंद झालं. वाटणी करायला त्यांच्या मामांना बोलावलं.

मामांनी अंगणात सगळं मांडायला लावलं. बांबू निम्मे, गाद्या निम्म्या, भोंगे निम्मे. टेम्पो दोन होतेच. शेवटी राहिली दोन वाद्यं. कीबोर्डला घरात सगळे पेटीच म्हणायचे. मामा म्हणाले, "पेटी थोरल्याला, पॅड धाकट्याला. बराबर झालं."

मी दारात उभी होते. मला राहवलं नाही. "मामा, बैलजोडी अशी वाटून देतेत का? एक बैल इकडं, एक तिकडं? मंग औत कोन वडंल?"

"बाईमानसानं वाटनीत बोलू न्हाई," मामा म्हणाले.

"वाजवतो आमी आन् बोलायचं बी न्हाई?"

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी आत गेले. आत जाऊन भांडी आपटली. धाकटीचे डोळे भरले होते. अंगणात मधोमध भिंत आली, आणि दोघा भावांनी आपापल्या घरात सांगून टाकलं, यापुढे त्यांच्याबरोबर वाजवायचं नाही.

माझ्या नवऱ्याला वाटत होतं, काही अडत नाही. त्यांनी कीबोर्डबरोबर आलेली पुस्तिका वाचून काढली. "हे बघ, पेटीतच ठेका हाये. बटन दाबलं का आपोआप वाजतो. पॅड पायजेच कशाला?" पहिली हळद अंबडला होती. बटण दाबलं, ठेका सुरू झाला. मी वरमाईच्या माहेरची चाल धरली. बाईचा अंगठा हलला, ती उठू का नको अशी झाली, आणि तेवढ्यात ठेका पुढे निघून गेला. मशीन कुणासाठी थांबत नाही. ती पुन्हा नीट मांडी घालून बसली. त्या दिवशी एकही बाई उठली नाही. माझी इतकी लाज कधीच गेली नव्हती.

भिंतीपलीकडे काय चाललंय ते कानावर येत होतं. दिरांनी कीबोर्डवाला गडी बघितला, पण गडी कनातीत कसा नेणार? मग ते टेपवर कॅसेट लावायचे आणि धाकटी वरून वाजवायची. कॅसेटही थांबत नाही. बोलावणी कमी होत गेली. सात महिने असे गेले. मला धाकटीची आठवण यायची, तिच्या त्या हसण्याचीसुद्धा. पण भिंतीवरून मीठ-साखर देताना आम्ही दोघी पावसापाण्याचं बोलायचो आणि आत जायचो.

मंठ्याचं लग्न आलं ते या सात महिन्यांनंतर. मुलाकडच्यांनी आम्हाला बोलावलं होतं. मुलीकडच्यांनी कुणाला बोलावलंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. टेम्पोतून उतरले तर समोर दिरांचा टेम्पो. दोन्हीकडची हळद एकाच मैदानात, मधे एक कनात. एका बाजूला आमची पेटी, दुसऱ्या बाजूला त्यांचा पॅड. भाऊ एकमेकांना पाहून असे वळले की जणू ओळखच नाही. पण हळद बायकांची. दोघांनाही बाहेर, पार रस्त्याच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ थांबावं लागलं.

दुपारचे चार वाजले होते. आमच्या बाजूची वरमाई उंचीपुरी, रागीट चेहऱ्याची, माहेर सेलूकडचं. पलीकडून कॅसेट सुरू झाली आणि तिच्यावर धाकटीच्या काड्या. मी इकडे बटण दाबलं. दोन्ही आवाज एकमेकांत अडकले. बायका कानांवर हात ठेवून हसायला लागल्या. वरमाई म्हणाली, "हे काय चालून राह्यलं? भांडन हाये का हळद?"

मला कसला राग आला ते नक्की सांगता येत नाही. मशीनचा, मामांचा, भिंतीचा, की सात महिने मुकाट राहिलेल्या माझाच. मी ठेक्याचं बटण बंद केलं. नुसती चाल वाजवायला लागले. सेलूकडची पाळण्याची चाल, आम्ही दोघींनी माळ्याखाली बसून बसवलेली, पहिल्या वर्षातली.

पलीकडची कॅसेट थांबली.

थोडा वेळ फक्त माझी पेटी वाजत होती. मला कनातीपलीकडचं काही दिसत नव्हतं. मग एक टाळी आली. बरोबर जिथे यायला हवी तिथे. मी वाजवता वाजवता रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. इकडे वरमाई उठली होती. धाकटीला ती दिसत नव्हती, म्हणून मी ओरडले, "उठली गं! आता येऊ दे!" तशी हलगी आली, ढोल आला, आणि दोन्हीकडच्या बायकांनी मधली कनात सोडून गुंडाळून बाजूला टाकली. नवऱ्यामुलाची आई आणि नवरीची आई हातात हात घालून नाचल्या. आम्ही दोघी तासभर थांबलो नाही.

रस्त्याच्या कडेला दोघा भावांना सगळं ऐकू जात होतं. आत येऊन थांबवायची सोय नव्हती.

दिवस मावळायच्या आत आम्ही बाहेर आलो. धाकटीनं कुणाला न विचारता माझा कीबोर्ड उचलून पॅडशेजारी दिरांच्या टेम्पोत ठेवला. मीही चढून तिच्या शेजारी बसले. माझा नवरा बघत राहिला. मग त्यांनी रिकामा टेम्पो सुरू केला आणि आमच्या मागे मागे येत राहिले. दीर वाटेत एका हॉटेलापाशी थांबले, तर तेही थांबले. दोघं चहा हातात घेऊन उभे. माझे यजमान म्हणाले, "परवा परतूरची हळद हाये. त्यास्नी दोघीबी पायजेत."

दीर म्हणाले, "मी नेतो मंग."

"तू काहून? सुपारी माझ्याकडं आल्ती."

"पॅड माझाय."

"पेटी माझीय."

सात महिन्यांनी बोलले, आणि बोलले तर हे. धाकटी माझ्या कानाशी आली. "बाई, आपल्याला कुनी इचारलं का, जायचं का न्हाई?" आणि हसली. मी टेम्पोतून खाली उतरले, दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नेनारे तुमी कोन? आमी जानार हाओत. तुमी सामान पोचतं करा." दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि चहा संपवला.

परतूरच्या दिवशी दोघांनीही आपापला टेम्पो दारात आणून उभा केला. आम्ही निम्मे भोंगे एकात टाकले, निम्मे दुसऱ्यात. मग कीबोर्ड मी घेतला, पॅड तिनं घेतला, आणि आम्ही एसटीनं गेलो.